काकाला वगळून

गेल्या महिन्यात एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी एक मुलगी आमच्या घरी आली होती. शहाद्यासारख्या गावात एका कुटुंबानं गाण्याच्या कार्यक्रमांचा धंदा उभा केला आणि आता तो एक बाई चालवते, त्याचा इतिहास तिला हवा होता. मी तिला जेवू घातलं आणि इतिहास सांगितला. आबांचं भोंग्यांचं दुकान सांगितलं, पहिला कार्यक्रम सांगितला, माय कलाकारांना कसं जेवू घालायची ते सांगितलं. काका त्यात कुठंच नव्हता. तिनं मध्येच विचारलं, "म्हणजे सुरुवातीपासून तुमचे वडील एकटेच?"

"एकटेच," मी म्हणाले.

तसंच छापून आलं. काकानं ते वाचलं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि बरं वाटलं. इथं मात्र मी काकासकट सगळं सांगणार आहे. कशाबद्दल सूड घेतला ते कुणाला कळलंच नाही, तर त्या सुडाची चव अर्धीच राहते.

आबांचं बसस्टँडजवळ छोटं दुकान होतं. लग्नाला, बारशाला, निवडणुकीला भोंगे आणि अँप्लिफायर भाड्यानं द्यायचे. स्वतः गाणं येत नव्हतं, पण कुठल्या आवाजाला किती जाड-बारीक करायचं ते त्यांच्या बोटांना कळायचं. एका वर्षी जवळच्या एका गावच्या यात्रेला सुरतेहून ऑर्केस्ट्रा बोलावलेला होता. ज्यानं बोलावला तो ऐनवेळी गायब झाला. कलाकार बिचारे ढोलक्या, की-बोर्ड घेऊन स्टँडवर बसून राहिले. आबांनी त्यांना घरी आणलं. मायनं दादर ज्वारीच्या भाकरी आणि शेवेची भाजी केली. जेवताना त्यांच्यातली एक गायिका गुणगुणली आणि आबा जेवण सोडून ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मार्केट यार्डात स्वतःच मांडव घातला, स्वतःचे भोंगे लावले, आणि त्या कलाकारांचा कार्यक्रम केला. आमचा धंदा असा सुरू झाला.

त्या कार्यक्रमाला माईकवर बोलायला कुणी नव्हतं. आबा चार माणसांत बोलायचे नाहीत. त्यांनी माईक धाकट्या भावाच्या हातात दिला. काका तेव्हा कॉलेजात होता. आबांनीच त्याला वाढवलं होतं, शिकवलं होतं.

"तू बोल. मले नही जमत," आबा म्हणाले.

आणि काका बोलला. असा बोलला, की उठून चाललेली माणसं खाली बसली. हे मी कबूल करते. आमच्या जिल्ह्यात त्याच्यासारखा निवेदक झाला नाही. अहिराणीतून सुरू करायचा, मध्येच शुद्ध मराठीत जायचा, गुजरातीत एखादा चिमटा काढायचा आणि गायिकेचं नाव असं घ्यायचा, की तिनं तोंड उघडण्याआधीच टाळ्या पडायच्या. आबा स्टेजच्या मागं अँप्लिफायरपाशी बसलेले असायचे. लोकांना काका दिसायचा. आबांची फक्त पाठ दिसायची, तीही कुणी मागं गेलं तर.

दोघा भावांनी मिळून नाव कमावलं. नवापूर, तळोदा, खांडबारा, कुठंही यात्रा असो की गणपती, कार्यक्रमाची सुपारी आमच्याकडे यायची. धंद्याला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं होतं. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. पहाटे अनोळखी गायक अंगणात गुळण्या करतायत, मधल्या खोलीत तबल्यावर हातोडी वाजतेय, माय चुलीशी बसून विचारतेय, आज गाणारं कोण आहे आणि वाजवणारं कोण. गाणाऱ्याला ती तिखट वाढायची नाही.

मग एका पावसाळ्यात आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उरले दोन शब्द, 'हां' आणि 'नही'. समजायचं मात्र सगळं.

सुरुवातीला काका चांगला वागला. दवाखान्यात तोच होता. मी बी.एस्सी. करून घरी होते, तर म्हणाला, कचेरीत ये, फोन सांभाळ. मी गेले. तारखा ठरवणं, पोलिसांची परवानगी काढणं, जनरेटर, गाड्या, कलाकारांची उतरायची सोय, हे सगळं मी करू लागले. रोज संध्याकाळी घरी येऊन आबांना सांगायचे, कुठं काय ठरलं. ते 'हां' म्हणायचे. कधी 'नही' म्हणायचे, आणि नीट पाहिलं तर खरंच त्या ठिकाणी काही तरी चुकलेलं असायचं.

एका सकाळी मी कचेरीत गेले तर माझ्या खुर्चीवर काकाचा मुलगा बसलेला. काका म्हणाला, "पोरी, हाई बाईमाणूसनं काम नही शे. तू घर संभाळ, आबाले देख."

मी म्हणाले, "मग इतके दिवस कोण करत होतं?"

तो हसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

पुढच्या पोस्टरवर आबांचा फोटो नव्हता. मी विचारायला गेले, तर म्हणे जागा पुरली नाही. आपल्या मुलाच्या फोटोला मात्र जागा पुरली होती.

इथपर्यंतही मी गप्प बसले असते. पण मग धंद्याच्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम आला. काकानं घरी गाडी पाठवली. आबांना इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं. एका बाजूला माय, एका बाजूला मी. मैदान खच्चून भरलं होतं. काका माईकवर आला आणि त्यानं धंद्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली. कसा तो कॉलेजात होता, कसे ते सुरतेचे कलाकार त्याला स्टँडवर रडताना दिसले, कसं त्यानं त्यांना घरी नेलं, कसा मार्केट यार्डात पहिला कार्यक्रम केला. सगळं तेच होतं. फक्त आबांच्या जागी तो होता. आणि इतकं सुंदर सांगत होता, की माझ्या मागं बसलेली एक बाई डोळे पुसत होती.

मग तो म्हणाला, "या सगळ्या वाटचालीत ज्यांनी मला वेळोवेळी आशीर्वाद दिले, ते माझे थोरले बंधू आज इथं आलेले आहेत. त्यांचा सत्कार करू या."

दोन पोरांनी आबांना धरून वर नेलं. काकानं त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. उजव्या खांद्यात ताकद नव्हती, शाल घसरून खाली पडली. फोटोवाला म्हणाला, परत. काकानं शाल उचलली, परत घातली आणि फोटो होईपर्यंत दोन बोटांनी धरून ठेवली. आबा माईककडे बघत होते. "नही," ते म्हणाले. मी खालून ओठ पाहिले. तो शब्द भोंग्यातून बाहेर आला नाही, कारण काकानं माईक खाली घेतला होता.

घरी आल्यावर मायनं त्यांचा सदरा काढला, घडी केली, आणि मला म्हणाली, "तुन्हा काकानी आज तुन्हा बापले पाव्हना करी टाकं."

एवढंच. ती रडली नाही. मीही रडले नाही. त्यानंतर गल्लीत लग्नाचं वाजायला लागलं, की आबा डाव्या हातानं खुणावायचे, खिडकी लाव. आयुष्यभर आवाज ऐकलेला माणूस खिडकी लावायला सांगत होता. मी खिडकी लावायचे आणि मनात म्हणायचे, काका, तुझ्यासमोर रिकाम्या खुर्च्या ठेवीन. एक दिवस तू माईकवर उभा राहशील आणि ऐकायला कुणी नसेल.

नुसतं म्हणून होत नव्हतं. मी एकेका कलाकाराला फोन केला. मायच्या हातचं जेवलेली माणसं ती. सगळे आधी आबांची चौकशी करायचे, मग अडखळायचे. शेवटी एका गायकानं सरळ सांगितलं, "ताई, काकांनी निरोप दिलाय. जो तुमच्या स्टेजवर चढेल त्याला ते पुन्हा तारीख देणार नाहीत. आमचंही पोट आहे."

म्हणजे खालच्या मुलखातले सगळे आवाज काकाच्या मुठीत होते. मी वर पाहिलं, सातपुड्याकडे.

त्या वर्षी धडगावच्या जीपमध्ये बसा, की शहाद्याच्या पानटपरीवर उभे राहा, एकाच बाईचा आवाज ऐकू यायचा. पावरी गाणी, डोंगरातल्या पावरा लोकांच्या बोलीतली. शब्द मला कळायचे नाहीत, पण पोरं मोबाईल कानाला लावून ताल धरायची. तिला काकानं एकदा बोलावलं होतं, हे मला कचेरीतल्या दिवसांपासून ठाऊक होतं. तिचं गाणं अर्ध्यात थांबवून तो माईकवर म्हणाला होता, "हे झालं डोंगरातलं. आता माणसांतलं ऐकू या." लोक हसले होते. ती खाली उतरली आणि पुन्हा कधी शहाद्याला गायला आली नव्हती.

मी जीपनं धडगावला गेले आणि तिथून विचारत विचारत तिच्या पाड्यावर. ती अंगणात तूर झोडपत होती. माझ्याच वयाची. मी कोण ते सांगितल्यावर तिनं काठी खाली ठेवली नाही.

"त्या माणसाची पुतणी?" शाळेतल्या मराठीत तिनं विचारलं.

"हो."

"हे झालं डोंगरातलं," ती म्हणाली. काकाचा आवाज तिनं हुबेहूब काढला. "पुढचं येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग कशाला आलात?"

मी ठरवून गेले होते, की पावरी गाण्यांना मोठं स्टेज मिळायला हवं वगैरे बोलायचं. ते तोंडातून निघेना. मी तिला शालीची गोष्ट सांगितली. ती झोडपत राहिली आणि ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्हाला गाणं पाहिजे, का सूड?"

"सूड," मी म्हणाले.

तेव्हा तिनं काठी टाकली आणि मोठ्यानं हसली. आत गेली, गुळाचा काळा चहा घेऊन आली. "गाणं पाहिजे म्हणाला असतात तर आले नसते. गाणं पाहिजे म्हणणारे खूप आले. आता येते."

काकानं होळीच्या आधीच्या आठवड्यात शहाद्याच्या मैदानावर टीव्हीवरच्या एका गायकाचा कार्यक्रम जाहीर केला होता. मी तोच दिवस धरला. मायला सांगितलं तेव्हा तिनं पोळपाटावरून मान वर केली.

"त्याच दिनले?"

"त्याच दिनले."

"मंग किती लोकेस्नं जेवन करनं पडी?" तिनं विचारलं. आमच्या घरात होकार असाच द्यायचे.

त्या दिवसांत गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामाला गेलेली डोंगरातली माणसं होळीसाठी परत येतात. सुरतेकडच्या गाडीनं येणारी कितीतरी खांडबाऱ्याला उतरतात. मी आबांचा जुना भोंगा रिक्षावर बांधला आणि खांडबाऱ्याच्या बाजारात स्वतः बोलत फिरले. माझा आवाज चिरका, बोलणं तुटक. पण मी फक्त त्या गायिकेचं नाव घ्यायचे आणि ठिकाण सांगायचे, तेवढंच पुरत होतं. जागा मिळाली शहाद्याजवळच्या कळसाडी गावाच्या शिवारात, कापूस उपटून मोकळं झालेलं शेत. तो शेतकरी आबांचा लहानपणचा मित्र. मांडव घातला शहाद्याच्या एका चाचांनी. ते काकाचेही मांडव घालायचे. त्या दिवसासाठी त्यांनी काकाला सांगितलं, माणसं मिळत नाहीत. मला म्हणाले, "बेटी, पहिला मांडव तुझ्या बापाबरोबर मीच बांधला होता. स्टेजवर कोण काय सांगतो ते मी ऐकलंय."

दोन दिवस आधी काकाचा फोन आला.

"तारीख बदल."

"का?"

"त्या दिनले मन्हा प्रोग्राम शे."

"मले मालूम शे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्या एका वाक्यासाठी मी किती दिवस जगले होते, ते माझं मलाच ठाऊक.

डोंगरातल्या माणसांना घाटातून परत जायचं असतं, म्हणून माझा कार्यक्रम दुपारी ठेवला होता. जीपा सकाळपासून येऊ लागल्या. टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं. कळसाडीची, आजूबाजूच्या गावांची माणसं बैलगाड्या, मोटरसायकली घेऊन आली. शहाद्यातली पोरं आली, ज्यांच्या खिशात काकाच्या कार्यक्रमाचे पास होते. आबांना आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बांधून आणलं आणि स्टेजच्या मागं, अँप्लिफायरपाशी बसवलं. ती त्यांची जागा. डाव्या हातानं त्यांनी एक बटण थोडं फिरवलं.

ती गायली. पहिल्या गाण्याला लोक बसून होते. दुसऱ्याला उठले. मग शेतभर ओळी धरून नाचायला लागले, धुरळा इतका उडाला की स्टेज दिसेना. ज्यांना शब्द कळत नव्हते तेही नाचत होते. सूर्य कलेपर्यंत ती थांबली नाही. शेवटी माईकवर म्हणाली, "हे झालं डोंगरातलं," आणि थांबली. पुढचं बोललीच नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी शिट्ट्या मारल्या.

लोक दमून, धुळीनं माखून घरोघर पांगले. मी तोंडही न धुता स्कूटर काढली आणि शहाद्याला काकाच्या मैदानावर गेले. दिवे लागले होते. लाल गालिचा, सोफे, त्यामागं पांढऱ्या खुर्च्यांच्या रांगा. पुढच्या सोफ्यांवर काही पुढारी आणि त्यांच्या घरचे. मागं कुणी नाही. टीव्हीवरचा गायक गाडीतून उतरत नव्हता. आणि काका माईकवर उभा राहून बोलत होता, लोक येतायत, रस्त्यात आहेत, थोडा धीर धरा. रिकाम्या खुर्च्यांना सांगत होता.

मी फाटकाशी जिथं दिव्याचा सगळ्यात जास्त उजेड होता, तिथं मुद्दाम उभी राहिले. त्यानं मला पाहिलं. त्याचं वाक्य मध्येच तुटलं. माझ्या आयुष्यात मी काकाचं वाक्य तुटलेलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी हलले नाही. तो माईक ठेवून आत गेला, तेव्हाच घरी आले आणि पोटभर जेवले.

आता माझे सत्कार होतात. डोंगरातल्या बोलींना स्टेज दिलं म्हणून भाषणं होतात, मीही हात जोडून उभी राहते. खरं काय ते ती गायिका जाणते. त्या संध्याकाळी जीपमध्ये बसताना तिनं विचारलं होतं, "माझा सूड झाला. तुमचा झाला का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग पुढची तारीख कधी?"

पुढच्या तारखा मी काकाच्याच तारखांवर ठेवल्या. एकही सोडली नाही. तो तळोद्याला, मी तळोद्याला. तो नवापूरला, मी नवापूरला. पावरीनंतर भिली गाणारे आले, डोंगरातल्या कोकणी आदिवासींच्या बोलीत गाणारे आले, आणि ज्यांचं पोट होतं ते अहिराणीवालेही हळूहळू माझ्याकडे आले. थोड्याच हंगामांनंतर काकानं कार्यक्रम बंद केले. त्याच्या मुलानं लग्नाचं लॉन काढलं.

मग एका दुपारी काका घरी आला. मायनं त्याला पाणी दिलं. साऱ्या मुलखाच्या कलाकारांना जेवू घातलेल्या मायनं त्याला जेवायला बस म्हटलं नाही. तो आबांच्या खाटेपाशी खाली बसला, त्यांचा लुळा हात हातात घेतला.

"भाऊ, मन्हं चुकनं. आपलं एकच घर शे. धंदा एकच करी लेऊत."

आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हां," ते म्हणाले. मग परत, "हां, हां." डाव्या हातानं ते काकाच्या डोक्यावरून हात फिरवत होते, लहान मुलाच्या फिरवावा तसा.

माय माझ्याकडे बघत होती. काकानंही मान वर केली.

"आबा हां म्हनतस," मी म्हणाले. "मी नही म्हनस."

आबांनी माफ केलं होतं. त्यांचा अपमान होता, माफ करायचा हक्क त्यांचा होता. पण ती शाल घसरताना मी खाली बसून पाहिली होती, आणि ते पाहणं माझं होतं. त्यावर आबांचा हक्क नव्हता.

तेव्हापासून काका दर गुरुवारी येतो. दोघं भाऊ खाटेवर बसतात. काका जुन्या कार्यक्रमांच्या गोष्टी सांगतो, आता खऱ्या सांगतो, आबांना आबांच्या जागी ठेवून. आबा हसतात. गल्लीत वाजलं तर खिडकी उघडी राहते. मी तेवढा वेळ घराबाहेर काढते.

या गुरुवारी मला निघायला उशीर झाला. होळीचा कार्यक्रम ठरवायला धडगावला जायचं होतं, पिशवी भरत होते. काका दाराशी येऊन उभा राहिला. केस पूर्ण पांढरे झालेत.

"पोरी, एक डाव मले माईकवर बोलू दे. फक्त सुरवात करी देसू. नाव बी नको लिऊ मन्हं."

त्याच्या आवाजात अजून तोच गोडवा आहे. मला माहीत आहे, तो बोलला तर लोक खिळून बसतील. माझ्या निवेदनाच्या वेळी लोक पाणी प्यायला उठतात.

"नही, काका. माईकवर आते मी ऱ्हास."

तो परत आबांपाशी जाऊन बसला. आबांनी आतून माझ्याकडे पाहिलं आणि 'हां' म्हणाले. बोलू दे, असा त्याचा अर्थ होता. मी चपला घातल्या.

स्टँडवर जीप भरत आली होती. मला पुढची जागा मिळाली. घाट चढताना मी कार्यक्रमाची सुरुवात कशी करायची ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होते. दोनदा अडखळले. काकासारखी ती मला कधीच जमणार नाही. तरी मीच करणार आहे.